चिंगीच्या शेजारची जागा

हे मी रचून सांगत नाहीये. ज्या तोंडाने रोज देवाचं नाव घेते, त्या तोंडाने खोटं सांगायची माझी छाती नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. सगळं लख्ख उजेडात घडलं, गेल्या हिवाळ्यात, आमच्याच बैठकीच्या खोलीत.

सासऱ्यांचा वाढदिवस जवळ आला होता. धाकट्या दिरांच्या मनात आलं, घरातले जुने फोटो टीव्हीवर सगळ्यांना दाखवावेत. ते सगळे एका हार्ड डिस्कवर होते. माझ्या थोरल्या नणंदेने, ताईंनी, परगावी राहायला जाण्याआधी ते भरून ठेवले होते.

पण कसे? कपाट उपडं केल्यासारखे. लग्नाच्या फोटोंत चष्म्याच्या नंबरचा कागद, सहलीच्या फोटोंत कुणाचा तरी सुजलेला अंगठा.

"वहिनी, हे काम तुमचंच," दीर म्हणाले. "रोज एवढा जप करता. तुमच्याइतका धीर या घरात कुणाला आहे?"

"जपात देव तरी असतो, भाऊजी. यात नुसती तुमची वाढत गेलेली पोटं."

ते हसले. मीही हसले.

सकाळी जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. घरात सगळ्यांना सवय आहे. म्हणून मी दुपारी कामाला बसायची.

काम सोपं होतं. ताईंनंतरचे, आमच्या फोनांतले फोटोही त्यातच घालायचे. फोटोच्या आत तारीख असते, ती बघून तो त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असलं तर पडद्यांचा रंग बघायचा, सासऱ्यांचे केस बघायचे. नाहीतर चिंगीची उंची.

चिंगी म्हणजे दिरांची लेक. मला मूल नाही. ती माझ्याच अंगाखांद्यावर वाढली.

फोटो ओळीने लागत गेले, तसं मला काहीतरी खटकायला लागलं. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी सगळे लावून झाले, एक प्रत दिरांना दिली आणि दुसऱ्या दुपारी मी ते पहिल्यापासून बघायला बसले.

एका जुन्या फोटोत सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसलेले. दोघं तर सोफ्याच्या हातावर टेकलेले. आणि तरी सोफ्याच्या कडेला... एक जागा रिकामी.

असेल कुणी उठून गेलेलं.

पुढच्या फोटोत बागेतलं बाकडं. माणसं एकमेकांना चिकटून. आणि मध्येच एका माणसाएवढी फट.

त्याच्या पुढच्या फोटोत ती फट थोडी सरकली होती.

मी एकेक फोटो पुढे नेत गेले. फट कडेकडून आत येत होती. शेवटी ती सासऱ्यांच्या बहिणीच्या शेजारी येऊन थांबली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. काही फोटोंत ती तिथेच होती.

त्यानंतरच्या फोटोंत आत्याबाई नाहीत. त्या गेल्या ना, त्या पावसाळ्यात.

फट पुन्हा कडेला गेली. पुन्हा सरकायला लागली.

या खेपेला ती सासूबाईंच्या शेजारी थांबली...

सासूबाई कधी गेल्या, ते मला कुणी सांगायला नको होतं.

मिसळलेल्या फोटोंत हे कुणाला दिसलंच नसतं. ओळीने लावले, म्हणून दिसलं.

त्यापुढे फट ताईंकडे निघालेली. एका फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. ताई एकट्या मान वळवून बघतायत.

त्या रिकाम्या जागेकडे.

मी तिथेच ताईंना फोन लावला.

"काय गं, आज दुपारीच आठवण?"

"ताई, फोटो लावत होते. वाढदिवसासाठी. तारखेनुसार."



"तारखेनुसार?" ताईंचा आवाजच बदलला. "कुणी सांगितलं तुला?"

"भाऊजी म्हणाले, तुम्ही घोळ घातलाय, तो निस्तरा."

"तो गाढव आहे. अगं, घोळ नव्हता तो. मी बसून बसून मिसळलेत ते. ओळ मोडली की त्याला पुढे येता येत नाही. कळतंय का? एवढी वर्षं कुणाला काही झालं का घरात?"

"कुणाला, ताई? कोण आहे ते?"

"मला माहीत असतं तर मिसळत बसले असते का? कुठपर्यंत लावलेस?"

"सगळेच झालेत. कालचा शेवटचा."

"मग बघ," त्या हळूच म्हणाल्या. "आता कुणाच्या शेजारी आहे?"

मी शेवटचा फोटो उघडला. आदल्या दिवशी मीच काढलेला. चिंगी आणि तिच्या मैत्रिणी, आमच्याच पायरीवर. चिंगी मधोमध बसली होती, हे मला पक्कं आठवत होतं. फोनच्या पडद्यावरही मी तोच लावला होता.

आता चिंगी एका बाजूला होती. तिच्या शेजारी...

मी फोन कानापासून काढून पडद्यावरचा फोटो बघितला.

तिथेही तसंच.

मी सगळे फोटो पुन्हा मिसळले. दिसेल तो फोटो दिसेल त्या फोल्डरमध्ये. मग धावत दिरांकडे गेले.

"भाऊजी, तुम्हाला दिलेले फोटो पुसून टाका. आत्ताच्या आत्ता."

"पुसू कुठून? सकाळीच सगळ्यांच्या फोनवर पाठवले. काय सुरेख लावलेत, वहिनी! मामा तर म्हणाला, पगार द्या हिला."

मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी निम्मं ऐकलं.

"ताईने घाबरवलं ना तुम्हाला? लहानपणी मलाही असंच करायची. जा, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. मी जपाला बसले, पण माळ हातातच राहिली. बैठकीतून दिरांचा आवाज आला, "बाबा, मध्ये बसा! चला चला, सगळे या!"

मी तशीच उठले.

सगळे सोफ्यावर बसले होते. समोर स्टँडवर फोन. चिंगी टोकाला... आणि तिच्या पलीकडे, सोफ्याच्या हाताशी, जागा.

"चिंगे, सरक की तिकडे! आजोबा चेपलेत बघ."

"सरकतेय ना, बाबा," चिंगी म्हणाली. "पण सरकताच येत नाहीये."

सगळे हसले.

दिरांनी टायमर लावला आणि पळत मागे जाऊन उभे राहिले. फोन वाजायला लागला. टिक... टिक...

नेम मोडायला मी तयार होते. तोंड उघडलं. पण आवाज फुटेना.

टिक... टिक... टिक...

मी पुढे झाले आणि त्या जागेवर बसले.

जागा गरम होती.

कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

फोटो निघाला. चांगला आलाय. सगळे दाटीवाटीने बसलेत, कुठेही फट नाही. दीर म्हणाले, "बघा, वहिनी आल्या आणि चौकट भरली."

चिंगी ठणठणीत आहे. तिच्या शेजारी आता कुठल्याही फोटोत जागा सुटत नाही. हार्ड डिस्क मी ताईंकडे पाठवून दिली. फोनवरचे मात्र कुणी पुसलेत, कुणी नाहीत, मला कळत नाही. मी स्वतः फोटोत येत नाही. कुणी फोन वर धरला की मी स्वयंपाकघरात जाते.

पण परवा जप संपवून डोळे उघडले, तर चिंगी दारात उभी.

"काकू, तू अशी कडेला का बसतेस?"

मी खाली पाहिलं. माझं आसन चांगलं रुंद आहे. इतकी वर्षं मी त्याच्या मधोमध बसत आलेय.

मी एका कडेला बसले होते. मांडी निम्मी फरशीवर. बाकीचं आसन रिकामं...

रोज मधोमध बसते. डोळे उघडते, तेव्हा कडेला असते.

त्या रिकाम्या बाजूला हात लावून बघायचा धीर मला अजून झालेला नाही.