कोऱ्या आठ मात्रा

पटवून द्यायची मला हौस नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. हे माझ्या आतेभावाच्या बाबतीत घडलं आहे आणि त्याने ते मला समोर बसून, दातओठ खात सांगितलं आहे.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. मंगळवारची लख्ख दुपार, पावणेचारचा सुमार, तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली.

घरात तो धाकटा, म्हणून इथेही त्याला धाकटाच म्हणतो. गिटार वाजवतो. हात गोड, पण एक खोड जन्माची.

पळतो.

गाणं सुरू झालं की हा ठेक्याच्या पुढे. मागून कोणी लागल्यासारखा.

त्याचा दादा ड्रमर. सगळ्या ऑर्केस्ट्रात घड्याळ म्हणून प्रसिद्ध. धाकटा सराव करताना पळाला की दादा पलीकडच्या खोलीतून भिंतीवर बोटांनी ठोकायचा. टक, टक, टक, टक. म्हणजे, गाडी सुटली बघ तुझी. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दादाने त्याच्यासाठी सरावाचा एक बॅकिंग ट्रॅकही बनवला होता. ड्रम आणि बेस, बस. पण मध्येमध्ये आठ मात्रा कोऱ्या. सगळं बंद. त्या आठ मात्रा मनात मोजायच्या, गिटार चालू ठेवायची. नवव्या मात्रेला ड्रम परत येतो आणि तुम्ही पुढे पळालेले असलात की तिथल्या तिथे उघडे पडता. धाकट्याने तो ट्रॅक दोनदा लावला आणि रागाने ठेवून दिला.

मग दादा गेला. भरदुपारी, त्याच पलीकडच्या खोलीत, हृदय बंद पडून. वहिनी औषधाच्या दुकानात कामाला. ती संध्याकाळी आली तेव्हा सगळं संपलं होतं. धाकटा भिंतीच्या अलीकडे वाजवत बसलेला.

याला आठ महिने झाले होते.

त्या मंगळवारी सकाळी ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी धाकट्याला चारचौघांत झापलं होतं. शनिवारच्या कार्यक्रमात पळालास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, म्हणाले. नवा ड्रमर गालात हसला. धाकटा धुमसतच घरी आला. हे काम गेलं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेवटी नाक मुठीत धरून त्याने दादाचा ट्रॅक लावला, आपण कुठे पळतो ते नंतर ऐकायला फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वाजवायला लागला.

पहिल्या कोऱ्या आठ मात्रा. शांतता. ड्रम आला तेव्हा हा पुढे गेलेला.

दुसऱ्या कोऱ्या आठ मात्रा...

टक.

टक.

टक.

भिंतीतून. अगदी तालात.

पलीकडच्या खोलीला कुलूप होतं. वहिनी रोज सकाळी ती उघडून झाडायची, पुन्हा बंद करायची. किल्ली तिच्या पर्समध्ये आणि ती दुकानात.

घाबरण्याआधी धाकटा चिडला. तो तसाच आहे. भिंतीकडे बघून म्हणाला, "मेलास तरी शिकवायचं सोडलं नाहीस."

मग त्याने कॉम्प्युटरवर बसून ट्रॅकमधल्या सगळ्या कोऱ्या जागा कापून टाकल्या. एकही ठेवली नाही. आता ड्रम सलग. ठोक म्हणावं आता कुठे ठोकतोस ते.

आधीचं रेकॉर्डिंग पुसून, नवं लावून पुन्हा सुरू केलं. अर्धं मिनिट नीट गेलं.

आणि ड्रम थांबला...

पडद्यावर ट्रॅक चालूच होता, आवाजाची रेघ वरखाली होत होती. आवाज मात्र नव्हता.

टक... टक टक...

...टक.

या वेळी तालात नव्हतं.

धाकट्याने वाजवणं थांबवलं. कारण हे ठोकणं त्याने आधी ऐकलं होतं.

 तो मला म्हणाला, दादा गेला त्या दुपारी त्याने भिंत ठोकली होती. खूप वेळ. याला वाटलं, नेहमीसारखा दटावतोय. मग लक्षात आलं की ठोके वेडेवाकडे पडताहेत. आणि याला आनंद झाला. आज दादाच बेताल! याने आवाजाचं बटण होतं तेवढं पिरगाळलं आणि जोरात वाजवलं.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

वहिनी पाच वाजता आली. रेकॉर्डिंगमध्ये काही नाही असं कोणीतरी म्हणावं, म्हणून त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने पर्स खांद्यावरून न काढता, उभ्यानेच ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"हे तू आठ महिने जपून ठेवलंस?"

तो शपथेवर म्हणाला, आजचं आहे. तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

"त्याच्या उजव्या हाताची सालं निघाली होती. कशाने, हे मी इतके दिवस स्वतःला विचारतेय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याने जन्मात कधी बेताल ठोकलं नाही. तेवढ्यावरून तरी उठायचं होतंस."

किल्ली टेबलावर ठेवून ती त्याच संध्याकाळी माहेरी गेली. आजतागायत त्याच्याशी बोललेली नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

धाकट्याने खोली उघडली. पलंगाच्या उंचीवर भिंतीचा रंग उडाला होता. तो जुनाही असेल. पण खाली फरशीवर चुन्याची ताजी भुकटी पडली होती, आणि वहिनीने त्याच दिवशी सकाळी तिथे झाडलं होतं.

शनिवारी तो केसभरही पळाला नाही. मास्तरांनी पाठ थोपटली. अजून त्याच ऑर्केस्ट्रात आहे, आणि लोक म्हणतात, सुधारला.

सुधारला कसला... गाण्यात जरा थांबायची जागा आली की याला मागून ठोके ऐकू येतात. वेडेवाकडे. दर वेळी थोडे हळू. गिटार टाकून धावत सुटावंसं वाटतं आणि तो वाजवत राहतो.

मला त्याचा भयंकर राग आला. म्हटलं, मग आता तरी उठत का नाहीस?

त्याने मान खाली घातली. गुडघ्यावर त्याचं बोट ठेका धरून होतं, ते थांबलं.

"कुठे जाऊ?" तो म्हणाला. "स्टेजवर मागे भिंतच नसते."

ते रेकॉर्डिंग त्याने मला पाठवलं आहे. मी अजून ते उघडलेलं नाही.