पाठीचा खरा जोर

गावातली मैना कमरेत वाकली आणि तिचे तळवे सरळ जमिनीला टेकले. माझी मोजपट्टी तिथंच संपत होती. आता पुढचं मोजायचं कसं, या विचारात मी खालापूरच्या शाळेच्या ओसरीवर उभी होते... तेवढ्यात रस्त्यावर एक बैलगाडी थांबली.

"उंचावर उबी करा की तिला," गाडीवान म्हणाला आणि स्वतःची बसायची पेटी आणून समोर ठेवली. नाव येसाजी. पेटी दिल्यावर त्यानं जायला हवं होतं. तो गेला नाही.

सन एकोणीसशे त्रेचाळीस, महायुद्धाचे दिवस. मी सुंदरा, जवळच्या चौक गावच्या मास्तरांची मुलगी. मुंबईत विज्ञान शिकून एका डॉक्टरांच्या हाताखाली लागले होते. धडधाकट तरुण माणसाची पाठ किती वाकते, किती जोर लावते, हे मोजायचं होतं. पुस्तकातले आकडे सगळे परदेशी होते.

वाकण्यात अडचण नव्हती. जोराच्या काट्यात होती. पायाखालच्या फळीला साखळी, हातात दांडा, आणि पाठ सरळ करत तो वर ओढायचा. बायका जीव तोडून ओढत. भाताचं पोतं सहज नेणारा मोरू मात्र आजाऱ्यासारखा ओढी. बाकीचे गडीही तसेच. डॉक्टरांनी कळवलं, शनिवारी येतो, आकडे असेच राहिले तर काम बंद. मी वजनं टांगून काटा तपासला. काटा बरोबर होता.

येसाजी रोज बैलांना पाणी पाजायला थांबायचा.

"फार तहान लागते तुमच्या बैलांना."

"त्यांना नाय... पन त्यांना बोलता येत नाय, म्हनून बरंय."

मी मान खाली घालून पट्टी गुंडाळली. मग विचारलं, "तुम्ही कधी ओढणार?"

त्याचं हसू गेलं. "बाई, कोनी जोर लावनार नाय. सगल्यांना वाटतंय, ही पलटनीची भरती हाय. ज्याचा जोर जास्त, तो लढाईवर."

"आणि तुम्हाला?"

"मलाबी तसंच वाटतं."

ही भरती नाही, हे मी घरोघरी जाऊन समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि शनिवारी डॉक्टरांसमोर पुन्हा तसंच ओढलं. डॉक्टर काटा आवरायला सांगू लागले. मी म्हटलं, अजून एकजण उरलाय.

येसाजी फळीवर चढला. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ओढलं. काटा सरसर चढला. डॉक्टरांनी पुन्हा ओढायला लावलं. आकडा जवळजवळ तोच.

"येसाला एकट्याला नेतील काय रं?" म्हणत मोरू पुढं झाला. त्याच्यामागून बाकीचे. डॉक्टर गेले ते काम चालू ठेवायला सांगूनच.

ओसरी रिकामी झाली.

"अजूनही भरतीच वाटते?" मी विचारलं.

"व्हय."

"मग का ओढलंत?"

"तुमचं काम खोटं पडलं असतं..." तो थांबला. "कधी निघायचं? आयेला सांगाया हवं."

"उद्या सकाळी. चौकला, माझ्या वडिलांना भेटायला."

"आन् पलटन?"

"पलटणीला तुमची गरज नाही," मी म्हणाले. "मला आहे."