कोळदुर्गावरील धामणीचे धनुष्य

सह्याद्रीच्या धारेवरचे धुके विरून कोळदुर्गाचा पूर्व बुरूज उजळला, तेव्हा गडाला पडलेल्या वेढ्याचा त्रेचाळिसावा दिवस उगवला होता. शत्रूचा सेनापती रोज याच वेळी घोड्यावर बसून खालच्या माळावर मोर्चे पाहत फिरे. गडावरचा बाण तिथवर पोचत नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणूनच किल्लेदार विंझदेवांनी वृद्ध कमानगर भानजीला त्या पल्ल्याचे धनुष्य घडवण्याची आज्ञा केली होती.

भानजीने धामणीच्या झाडाची मुरलेली फांदी निवडली, नऊ दिवस तासली, खुंटीला अडकवून बोटाबोटाने ओढत धनुष्याच्या दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत खरवडली. हाताखाली त्याचा जावई चांगोजी होता. त्याला हे काम भानजीनेच शिकवले होते.

त्या सकाळी बुरुजावर जाण्याआधी भानजीने धनुष्य शेवटचे ओढून पाहिले आणि त्याचा हात थबकला. खालची भुजा मुठीजवळ नको तितकी वाकत होती. वेष्टन सोडले, तर आतले लाकूड कुणीतरी नुकतेच तासलेले. पूर्ण ताण पडताच ते मोडले असते. ओरखडे डाव्या हाताचे होते, आणि कारखान्यात डावखुरा एकच होता.

नवे धनुष्य घडवायला अवधी नव्हता. भानजीने दात आवळून खालची भुजा शेंड्यापर्यंत हलकी केली, मग वरची तिच्या बरोबरीला आणली. तोल जुळला, पण जोर गेला. त्याने विंझदेवांना सांगितले की आता बाण बुरुजावरून पोचणार नाही. तटाबाहेर, कड्याच्या उघड्या कंगोऱ्यावर उतरूनच तो सोडावा लागेल.

"हे कुणी केले?" विंझदेवांनी विचारले.

"आधी बाण सोडा, नायक. ते नाव उच्चारायला मला थोडा वेळ लागेल. तोवर मी तुमच्या शेजारी उभा राहतो. धनुष्य मोडले, तर दोघेही तिथेच राहू."

दोघे दोरावरून उतरले. विंझदेवांनी दोरी कानापर्यंत ओढली. दोन्ही भुजा एकसारख्या वाकल्या, बाण सुटला आणि सेनापती घोड्यावरून कोसळला. खालून उलट बाणांचा वर्षाव झाला. त्यातला एक भानजीच्या उजव्या खांद्यात रुतला आणि त्या हाताने त्याला पुन्हा कधी रंधा धरता आला नाही.

चार दिवसांत वेढा उठला. भरल्या सदरेत भानजीने जावयाचे नाव घेतले. चांगोजीने नाकारले नाही; शत्रूने त्याला कारखान्याची मुखत्यारी कबूल केली होती. शिक्षा कडेलोटाची होती, पण भानजीने लेकीच्या कुंकवासाठी पदर पसरला, तेव्हा विंझदेवांनी चांगोजीला गडाबाहेर काढण्यावर भागवले.

महादरवाजात भानजीने लेकीला, कामाईला, अडवले. घर तुझेच आहे, तू इथेच राहा, असे तो म्हणाला.

कामाईने डोक्यावरचे गाठोडे सावरले. "आबा, मला ठाऊक होते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांनी तासले, त्या दिवसापासून."

ती नवऱ्यामागून पायऱ्या उतरू लागली. दोघे वळणाआड गेल्यावर पहारेकऱ्याने अडसर घालू का म्हणून विचारले. भानजीने होकारार्थी मान हलवली आणि दरवाजा लागेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.