सहावा ड्रेस

पांढरा पडदा. खालच्या कोपऱ्यात हळदीचा डाग.

मुरब्याच्या किनाऱ्यावर टांगलेले बोंबील. वारा सुटला की सगळे एकदम एकाच बाजूला झुकतात.

एका लग्नात फोटोवाला सगळ्यांना म्हणतो, हसा. एका मुलीला म्हणत नाही. ती आधीच हसतेय.

परतीची तारीख: ही जागा रिकामी ठेवता येत नाही.

सहा ड्रेस.

*

बुधवारी दुपारी सलोनी दुकानात शिरली आणि सरळ पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. दुकान बोईसर स्टेशनपासून बरंच आत. फोटो आणि ऑनलाइन अर्ज, दोन्ही एकाच पाटीवर. मालक दर्पण, केळव्याचा. घरची नारळ-सुपारीची वाडी भावाकडे सोपवून इथे कॅमेरा घेऊन बसलेला.

"केनियाचा फॉर्म भरायचा हाय," ती म्हणाली. "बाकीची दुकानं बंद होती म्हून आले."

"म्हणजे नाइलाज."

"नाइलाजच."

असं म्हणून ती हसली. हे हसू आपण कुठेतरी पाहिलंय, असं दर्पणला वाटलं... पण कुठे, ते आठवेना.

मुरब्याच्या बायकांचा सुक्या मासळीचा गट होता. मोंबासाच्या प्रदर्शनात गटाला एक टेबल मिळालं होतं, आणि जाणार होती सलोनी एकटी, कारण इंग्रजी बोलायला तीच काय ती घाबरत नव्हती. विमान रविवारी. त्याआधी तिकडच्या सरकारची परवानगी ऑनलाइन मिळवावी लागते, हे तिला कालच कळलं होतं. ती आली नाही तर विमानात बसू देणार नाहीत, आणि बायकांनी वर्षभर ज्याची वाट पाहिली ते टेबल रिकामं राहणार.

"येईल," दर्पण म्हणाला. "आधी फोटो. यात हसायचं नाही."

तिने ओठ मिटले. पुन्हा सुटले. पुन्हा मिटले.

"तुमी बगताय म्हून हसू येतं."

"न बघता फोटो कसा काढू?"

"त्यो तुमचा धंदा."

शेवटी त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बटण दाबलं. फोटो चांगला आला. मग नाव, पासपोर्ट, प्रदर्शनाचं पत्र, राहण्याचं ठिकाण. सगळं भराभर. मग त्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, परत कधी येणार?

ती उठून उभी राहिली.

"असं विचारत नाय."

दर्पण गोंधळला. तेव्हा तिने सांगितलं, तिच्या वडिलांची बोट आहे, आजोबांचीही होती, आणि निघणाऱ्या माणसाला परतीचा दिवस त्यांच्या घरात कोणी विचारत नाही. निघणाराही तोंडाने सांगत नाही. बोट दिसली की दिसली.

"पण हे विमान आहे."

"पानी मदी हायच ना."

स्क्रीनवर ती जागा लाल होऊन लुकलुकत होती.

"बरं... ड्रेस किती नेताय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच स्टुलावर बसली.

"सहा."

त्याने बोटांवर मोजून तारीख भरली. तिचं तिकीट मात्र उलटं धरून स्कॅनरवर ठेवलं, जोडलं, आणि तसंच उलटं परत दिलं.

"बगितलंपन नाय?"

"विचारायचं नाही, तर बघायचं कशाला?"

"शाना हायेस," ती म्हणाली. 'तुमी' म्हणणं तिथेच संपलं.

*

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. अर्जातली परतीची तारीख तिकिटाशी जुळत नाही. दुरुस्त करा.

दर्पणने पहिल्यांदा ते तिकीट सरळ बघितलं. पाच दिवस.

सलोनी फोन उचलेना. त्याने शटर ओढलं आणि बाइक मुरब्याच्या रस्त्याला लावली. किनाऱ्यावर तिची आई जमना ओले बोंबील टांगत होती. त्याने सांगितलं, फॉर्म भरणारा.

"त्यो केळव्याचा?" जमनाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग उबा का? हात लाव."

बोंबील एकेकटा टांगत नाहीत. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची. दर्पणची पहिली जोडी सुटली. दुसरीही सुटली. मागून एक हात आला, दोन्ही मासे घेतले, अडकवले, टाकले.

"घाई करतोस," सलोनी म्हणाली.

त्याने मेल दाखवला. तिचा चेहरा उतरला, पण त्याने लगेच सांगितलं, पाच मिनिटांत दुरुस्त होईल, चूक माझी आहे. फक्त एक कळत नाही.

"तिकीट पाच दिवसांचं. तू सहा सांगितलेस."

"तू ड्रेस विचारलेस. दिवस कुटं विचारलेस?"

"मग सहावा कशाला?"

जमना टोपली उचलून पलीकडच्या रांगेला गेली. सलोनीने आणखी एक जोडी अडकवली, दोरीवर टाकली, सरळ केली. अजून एकदा सरळ केली.

"त्यो तिकडं घालायचा नाय. परत इमानातनं उतरले की घालायचा. मुंबईवरनं सरळ केळव्याला यायचं हाय... वाडी बगायला. कोन न्यायला आलं तर."

दर्पणच्या हातातला बोंबील खाली वाळूत पडला.

"कोणीतरी येईल," तो म्हणाला. "किती वाजता—"

"विचारत नाय," तिने त्याला तिथेच अडवलं. "माज्या आईला पन म्हायती नाय. हितं परतीचा दिस ठावूक असलेला तू एकलाच."

त्याने मासळीने माखलेल्या बोटांनीच फोनवर तारीख बदलली. अर्ज पुन्हा गेला.

शनिवारी दुपारी परवानगी आली. कागद घेऊन तो पुन्हा मुरब्याला पोचला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतंस तरी चाललं असतं, ती म्हणाली. तो म्हणाला, कागद जवळ लागतो.

"लागतो?"

"नाही."

दोघंही हसली. आणि या वेळी त्याला आठवलं... त्याने फोटो काढलेलं ते लग्न, तो मांडव, दुसऱ्या रांगेतली मुलगी, जिला हसा म्हणावं लागलं नव्हतं.

ती निघाली तेव्हा त्याने काहीच विचारलं नाही.

बोईसर स्टेशनपासून दर्पणच्या दुकानापर्यंत फॉर्म भरून देणारी तीन दुकानं लागतात. त्या बुधवारी तिन्ही उघडी होती.