एका छत्रीखालची जाहिरात

"ओ मॅडम, ती छत्री जरा इकडं धरता का?"

राजनंदिनीने वळून पाहिलं. भाद्रपदातली सर आडवीतिडवी आली होती आणि बदनापूर स्टेशनच्या फलाटावरची सगळी माणसं शेडखाली पळाली होती. एक उंच पोरगा मात्र कॅमेऱ्याच्या पिशवीच्या अडकलेल्या चेनशी झटापट करत तिथेच उभा होता. तिने लाल छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"माझ्यावर न्हाई, कॅमेऱ्यावर! मी वाळतो. हा वाळत न्हाई."

"मंग ह्यालाच नेते शेडखाली. तुम्ही बसा वाळत."

तो असा मोकळा हसला की तिला उगाचच पदर... म्हणजे ओढणी सावरावीशी वाटली. मयंक नाव त्याचं. जालन्यात त्याचे वडील शिवनारायणजी यांची फ्लेक्स छापायची प्रेस होती आणि सरकारी योजनांच्या जाहिरातींचे फोटो तोच काढायचा. ती बदनापूरला शेतकी शिकणारी, तीर्थपुरीच्या सर्जेरावांची लेक. तिची नजर त्याच्या बोटावर गेली. मोत्याची अंगठी होती.

"मोती राग शांत करायला घालतात ना? लई राग येतो का तुम्हाला?"

"राग न्हाई, भीती वाटते. मन घट्ट व्हावं म्हणून मम्मीनं घातली."

"झालं का मंग घट्ट?"

"तुमच्याशी बोलून राह्यलो ना... अजून काय पाहिजे?"

मग काय, प्रत्येक शनिवारी तिला घरी जायला नेमकी तीच गाडी सापडू लागली आणि त्याला नेमकं त्याच दिवशी बदनापुरात काम निघू लागलं. प्रेमात पडलेल्यांना वेळापत्रक कोणी शिकवावं लागत नाही.

एके दिवशी तो घामाघूम होऊन आला. मनोमीलन योजनेची जाहिरात होती. दोन समाजांतल्या मुलामुलींनी लग्न केलं तर सरकार पाठीशी, अशी. वर आमदार भाऊसाहेबांचा आशीर्वादाचा हात, खाली नारा — 'जात नको, साथ हवी — मनोमीलन योजना नवी!' आणि मधे उभी राहणारी जोडी ऐनवेळी आलीच नव्हती.

"आचारसंहिता आज-उद्या लागंल. त्याच्या आत पाटी चढली पाहिजे. तू उभी राहतीस का? खोटं खोटं..."

"आणि नवरा कोण?"

मयंक कॅमेऱ्याशी उगाच खुडबुड करत राहिला. "मीच थांबतो. दुसरं कोणी न्हाई मिळालं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

टायमर लावून तो धावत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. लाल छत्रीची दांडी त्याने धरली. छत्री पुरेशी मोठी होती, तरी दोघं जवळच उभे राहिले. 'हसा' असं कोणी सांगितलं नाही. ती हसली ते खरं होतं, आणि सरकारी खर्चाने छापलं गेलं.

पुढच्या बाजारात तीर्थपुरीच्या चौकात ती पाटी झळकली. राजनंदिनी ओढणी डोक्यावर ओढून गर्दीच्या मागे थांबली. आबा आता काय म्हणतील? पण आबांनी पाटीखाली उभं राहून मिशीला पीळ दिला.

"सर्जेराव, लेकीचं लगीन उरकलं की! जेवायला बी न्हाई बोलवलं?" कोणीतरी खडा टाकला.

"अरे, सरकारी जाहिरात हाय ती. खरं कुठं असतंय?"

चौक खो खो हसला. राजनंदिनीही हसली. सुटलो, असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी काहीतरी आत टोचलंही. गावादेखत ती त्याच्या शेजारी उभी होती, आणि कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

आचारसंहिता लागली तशा सगळ्या सरकारी पाट्या झाकायचा हुकूम आला. ज्यांनी लावल्या त्यांनीच झाकायच्या. मयंक शिडी घेऊन चौकात आला. आधी भाऊसाहेबांवर पांढरा कागद चढला, मग नाऱ्यावर. राहिली ती छत्रीखालची जोडी.

"आपल्याला बी झाकायचा हुकूम हाय का?" राजनंदिनीने खालून विचारलं.

"हुकूम सगळ्यालाच हाय." तो खाली उतरला. हाताला खळ लागली होती, ती पुसायचंही त्याला सुचेना. "पण जे खाली उभं हाय ना... त्याला कागद लावायचा न्हाई मला. राजी, लग्न करशील माझ्याशी?"

"नारा तर बराबर देता तुम्ही," ती हळूच म्हणाली. "नंतर विसरणार न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई."

त्या शब्दाच्या जोरावर तिने घरी सांगितलं, मुलगा दुसऱ्या समाजातला आहे हेही. आबा ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी ताट बाजूला सारलं, तिचं कॉलेज बंद केलं आणि बोलणंच टाकलं. घरात तिची सावलीसुद्धा परकी झाली.

एका आशेवर ती तग धरून होती. प्रचाराला भाऊसाहेब गावात येणार होते. ज्यांचा हात तिच्या डोक्यावर छापलेला, ते एक शब्द टाकतील. त्यांचा शब्द आबा मोडणार नाहीत.

भाऊसाहेब आले, ओसरीवर बसले, अंगणात माणसं दाटली. राजनंदिनी चहा घेऊन गेली आणि तिथेच थांबली.

"भाऊ, त्या पाटीवरची मुलगी मी हाय. आमचं ते... खरं हाय. तुम्हीच लिहिलंय ना, साथ हवी म्हणून? आबांना सांगा ना."

भाऊसाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे. अंगणात मतं उभी होती.

"पोरी, जाहिरात ती जाहिरात. ती काय घरात लावायची असती का?" मग ते सर्जेरावांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "सर्जेराव, आपल्या लेकी आपल्याच घरात राहतील. हा माझा शब्द हाय!"

टाळ्या पडल्या. तिच्या हातातला चहा तसाच निवत राहिला. तिला रडूसुद्धा आलं नाही. ज्या झाडाला दोर बांधावा तेच उपटून यावं, तसं झालं.

जांब समर्थच्या देवळाबाहेर मयंक भेटला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच ती काय ते समजली.

"भाऊसाहेबांनी पप्पांना फोन केल्ता. प्रेसची सगळी कामं त्यांचीच हायेत, राजी. मम्मीनं अन्न सोडलं. मी... मी काय करू?"

तिला वाटलं, त्याची कॉलर धरावी, नाहीतर त्याच्या छातीवर डोकं टेकावं. तिने दोन्ही केलं नाही.

"ह्याच गावचा एक जण 'सावधान' ऐकून मांडवातून पळाला होता. तो देवासाठी पळाला. तुम्ही कोणासाठी पळून राह्यले?"

तो बोटातली अंगठी नुसता फिरवत राहिला. ती वळून एसटीकडे चालू लागली. आता हाक मारेल... आता तरी मारेल... एसटी सुटली तरी हाक आली नाही.

भाऊसाहेब निवडून आले. गुलालाचे डाग रस्त्यावरून जायच्या आत राजनंदिनीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा भारत, आपल्यातलाच, साधा, शिक्षक. त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मांडवाच्या दारात शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स लागला, भाऊसाहेबांच्या कार्यालयाकडून. तिचा फोटो त्यांच्याकडे होताच. पोरगा तेवढा बदला, असं त्यांनी मयंकच्याच प्रेसला कळवलं होतं. वर तोच आशीर्वादाचा हात, खाली तीच लाल छत्री, तेच तिचं हसू, आणि शेजारी भारत.

अक्षता पडल्या. फोटोसाठी दोघं फ्लेक्ससमोर उभे राहिले. भारत कौतुकाने वर बघत होता. बघता बघता तो थांबला.

"छत्री धरलेला हा हात माझा न्हाई वाटत. मी तर अंगठी घालत न्हाई... मोत्याची हाय बघा. कोणाचाय हा हात?"

राजनंदिनीने वर पाहिलं. सगळा मयंक पुसला गेला होता, पण दांडीवरची चार बोटं राहिली होती. ती पुसायला मयंकला कितीसा वेळ लागला असता! त्याने ठेवली होती. हाक मारायची हिंमत नव्हती, तेवढी बोटं मात्र ठेवली होती.

मुंडावळ्यांच्या आड तिचे डोळे भरून आले. दूर मांडवात आबा पाहुण्यांना हात जोडत होते, पुष्कळ दिवसांनी हसत होते.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सरकारी जाहिरातीतला फोटो हाय तो," ती भारतला म्हणाली. "खरं कुठं असतंय?"