वसुंधराच्या मागचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. जिच्यासमोर ती घडली, त्या भुईगावच्या रोवेनाला ती कुणाला पटवायची नाहीये. तिला तर ती सांगायचीही नव्हती.

गेल्या ऑक्टोबरातली भर दुपार. गोखिवऱ्यातला एक फ्लॅट. अंधार नाही, वारा नाही, काही नाही.

रोवेना चर्चच्या कॉयरला गाणं शिकवते. शिवाय फोनवर तिचा एक ग्रुप आहे. वसई-विरारची हौशी माणसं घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करून त्यावर टाकतात, आणि काय सुधारायचं ते रोवेना सांगते. आधी जे जमलंय त्याचं कौतुक, मग चूक, मग ती कशी काढायची ते. तिच्या बोलण्याने कुणी गाणं सोडलं, असं कधी झालं नव्हतं.

त्या दुपारी वसुंधराने पहिल्यांदा गाणं पाठवलं. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, श्रीरंगचं, हे दुसरं लग्न. आईकडून आलेली जात्यावरची ओवी ती गायली होती.

गळा गोड होता. पण...

मागे आणखी कुणीतरी गात होतं.

बाईचाच आवाज. खालच्या पट्टीत. शब्द नीट ठाऊक नसावेत तसा, प्रत्येक ओळीला थोडा मागे रेंगाळणारा.

रोवेनाने लिहिलं की गळा छान आहे, फोन तोंडापासून जरा लांब धरा. आणि मागच्या ताईंना सांगा, ओळ ओढू नका. श्वास ओळीच्या मध्ये नको, आधी घ्या.

उत्तर आलं...

"मॅडम, मागे कुणी नाही. दुपारी घरात मी एकटीच असते."

शेजारची कुणी असेल, रोवेनाला वाटलं. खिडक्या लावून घ्या, पंखा बंद करा, असं तिने कळवलं.

पुढच्या आठवड्यात दुसरं गाणं आलं. तीच ओवी. पंख्याची घरघर नव्हती, रस्त्याचा आवाज नव्हता. वसुंधराने फोन तसाच तोंडाशी धरला होता, आवाज फाटत होता.

आणि मागची बाई...

ती आता रेंगाळत नव्हती.

श्वास ओळीच्या आधी. अगदी सांगितला होता तिथे.

क्षणभर रोवेनाला बरंच वाटलं. शिकवणाऱ्याला वाटतं तसं. मग तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून ती स्कूटरवरून थेट गोखिवऱ्याला गेली. श्रीरंग घरीच होता. वसुंधराने चहा ठेवला आणि गाणं स्पीकरवर लावलं.

पहिल्या ओळीला श्रीरंग पेपर वाचत होता.

दुसऱ्या ओळीला पेपर खाली आला.

"परत लाव," तो म्हणाला.

तिने परत लावलं. तो उठून स्पीकरजवळ जाऊन उभा राहिला.

"बेला आहे ही."

बेला म्हणजे त्याची पहिली बायको. तापाने गेलेली. तिला गायची फार हौस होती, आणि ती गायला लागली की आपण टीव्हीचा आवाज वाढवायचो, हे त्यानेच सांगितलं. सांगताना तो त्या दोघींकडे बघतही नव्हता.

"पण तिला असं गाता येत नव्हतं हो," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. कुणीच उठलं नाही.

त्यानंतर श्रीरंग कामावरून आला की वसुंधराला गायला बसवू लागला. रेकॉर्ड करायचं, कानात इअरफोन घालायचे आणि फक्त मागचं ऐकायचं. एकदा तो तिला म्हणाला, "तू जरा हळू गा. तिचं दबतं."

हे वसुंधराने रोवेनाला फोनवर सांगितलं. रडली नाही. फक्त विचारलं, "खरं सांगा मॅडम. आमच्या दोघींत चांगलं कोण गातं?"

रोवेनाला खोटं बोलता येईना. खरंही बोलवेना.

वसुंधराने ती शांतता पुरती ऐकून घेतली... आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात ती विरारला भावाकडे निघून गेली.

श्रीरंग आता रिकाम्या खोलीत फोन ठेवतो आणि रेकॉर्ड करतो. रोवेनाला पाठवतो. त्यात पंखा असतो, कधी लिफ्टचं दार असतं. बाकी काही नाही. ऐकू येतंय का, असं तो विचारतो. रोवेना नाही म्हणते. तो पुन्हा पाठवतो.

मध्यंतरी वसईच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेत, रोवेनाला वसुंधरा दिसली. वाळली होती. रोवेनाने माफी मागितली. ती नुसती मेथीच्या जुड्या उलटसुलट करत राहिली.

"गाताय ना, ताई?"

"नाही."

"आणि ती... तिकडे येते का?"

"मी गातच नाही. कळणार कसं?" वसुंधरा म्हणाली. मग मेथीकडेच बघत, "तुम्ही दोघांनीही तिचंच ऐकलंत. माझं गाणं कुणी ऐकलंच नाही."

रोवेना निघाली. दोन दुकानं ओलांडली असतील...

तेव्हा तिला ओवी ऐकू आली.

खालच्या पट्टीत. स्वच्छ. एकही चूक नाही.

ती वळली. वसुंधरा तिथेच उभी होती, हातात मेथीची जुडी घेऊन. ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आणि समोरची भाजीवाली मान वर करून, कौतुकाने तिच्याकडे बघत होती.

"बाय, गळा काय गोड हाय गो तुझा," ती म्हणाली.