दहा लाख एक

कॅब चुकली नसती, तर देवव्रत सिद्धीच्या शेजारी कधी बसलाच नसता. एका संध्याकाळी व्हाइटफील्डच्या गर्दीत पुढच्या गाडीचा नंबर निरखत स्वारी आपली कॅब सोडून सिद्धीच्या ऑफिसच्या कॅबमध्ये शिरली. "मूळ संख्या आहे!" असं स्वतःशीच मराठीत पुटपुटली, आणि नागपूरची सिद्धी खुदकन हसली. दोघांनाही कोरमंगलालाच जायचं होतं. ड्रायव्हर शिवकुमारनं "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" (थोडं सांभाळून घ्या) म्हणत त्याला बसू दिलं, ते कायमचंच.

बेळगावचा देवव्रत ऑनलाइन शिकवणीसाठी गणिताचे व्हिडिओ करायचा. डोळ्यांत सगळं दिसायचं… पण तोंडातून बाहेर पडायचे ते आकडेच! सिद्धी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यानं केलेलं मोडून दाखवायचं, हेच तिचं काम. हा मुलगा मात्र काही केल्या बोलता होत नव्हता, आणि सोमवारपासून तिचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीला हलणार होतं; मग ही कॅबही बंद. आज शुक्रवार. आज हा बोलला नाही, तर संपलंच.

मारतहळ्ळीच्या पुलाजवळ कॅब अडकली. बाहेर पाऊस, काचेवर वाफ.

"एक मोठी संख्या द्या," ती म्हणाली. "कोरमंगला यायच्या आत मी ती फोडली, तर तुम्ही मनातलं बोलायचं."

त्याचे कान लाल झाले. "आणि नाही फुटली तर?"

"तर… मी गुपचूप उतरून जाईन."

"दहा लाख एक," तो ऐटीत म्हणाला. "एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. फोडा की!"

तिनं वाफेवर बोटानं भागाकार मांडला. तीननं भागलं, बाकी दोन. सातनं… दोन. अकरा, तेरा… पुन्हा दोनच!

"तुमच्यापेक्षा ही संख्या बरी," ती वैतागली. "कशानंही भागा, दोघंच उरणार म्हणून सांगते तरी!"

तो खिडकीबाहेर बघू लागला. कोरमंगला जवळ आलं. सिद्धीचं बोट काचेवर भराभर फिरू लागलं. मग तिला आई आठवली. लग्नाच्या आहेरात आई नुसते शंभर कधी देत नाही, वर एक ठेवतेच. एकशे एक!

"एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य!"

देवव्रतनं काचेला नाक लावून ताळा केला. "अय्यो! काल व्हिडिओत हिला मूळ संख्या म्हणून सांगितलंय की हो मी!"

"त्याचं उद्या बघा. आधी माझं."

शिवकुमारनं हळूच रेडिओ बंद केला.

"सोमवारपासून…" देवव्रत अडखळला. "सोमवारपासून तू शेजारी नसशील, म्हणून आठवडाभर माझं कशात लक्षच नाही. ती चूक त्यातूनच झाली. मला तू आवडतेस, सिद्धी… फार."

सिद्धीचे डोळे भरून आले. हात मात्र तिनं आधीच त्याच्या हातात देऊन टाकला होता.

"मलाही तू आवडतोस, वेड्या. रविवारी तो व्हिडिओ परत कर. मी समोर बसून तपासणार."

"आणि पुढच्या रविवारी?"

"तोवर आणखी काहीतरी चुकशीलच ना!"

"चुकेन की," तो अगदी मनापासून म्हणाला.